बाटल्यांवरचे अण्णा

रिकामी बाटली उचलायची, नखाने टिचकी मारायची, ती आमच्या कानाशी धरायची आणि म्हणायचं, “बोलते ना? काच खोटं बोलत नाही, अक्का!” वयाने आमच्याहून कितीतरी मोठे, पण लाइनवरच्या प्रत्येक बाईला अण्णा अक्काच म्हणायचे.

कानडी मुलखातल्या कडकोळच्या बीअरच्या कारखान्यात आम्ही चौघी उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोर बसून धुतलेल्या बाटल्या तपासायचो. तडा गेलेली, कचरा राहिलेली बाजूला काढायची. अण्णा आमचे सुपरवायझर. आमचं मराठी घराणं, पूर्वी इथल्या राजाच्या फौजेतलं, घरी बीअरचं नाव काढायची सोय नाही. सासूबाई चारचौघांत “सून बाटल्यांच्या फॅक्टरीत आहे” एवढंच सांगायच्या. अण्णाही मराठी घरातलेच, म्हणून विश्वास जरा जास्तच. दुसरं काय!

डब्यांचा त्यांना भारी राग. “डब्यात रॉकेल ठेवतात, अल्वा, नाही का? त्यात बीअर भरणार म्हणे!”

आणि एके दिवशी खरंच डब्यांचं मशीन यायचं ठरलं. जे शिकायला जातील ते राहतील, बाकीचे घरी, असं कळलं. अण्णांनी आमच्या हातावर चामुंडीचं कुंकू ठेवून बजावलं, “एकीनेही नाव द्यायचं नाही. सगळे अडून बसलो तर डबे भरणार कोण? भिऊ नका, मी आहे.”

आम्ही नावं दिली नाहीत.

लगेच अण्णा महिनाभर रजेवर गेले. हुबळीला मुलीचं बाळंतपण आहे म्हणाले. आई नसलेली पोर, बाप बिचारा काय काय करणार! आम्ही चौघींनी जमून डिंकाचे लाडू वळले, बरणीभर दिले.

आयुधपूजेला आमच्याकडे प्रत्येक मशीनला हळदकुंकू लागतं. आम्ही आमच्या लाइनला माळ घालून नव्या शेडमध्ये डोकावलो, तर डब्यांच्या मशीनपुढे कोहळं फोडायला अण्णा! मॅनेजर कौतुकाने सांगत होते, “हे या लाइनचे इनचार्ज. महिनाभर बाहेरगावी राहून शिकून आलेत.”

अय्यो! गर्दी पांगल्यावर मी विचारलं, “मुलीला काय झालं, अण्णा?”

ते माळ सारखी करत राहिले. मग म्हणाले, “जास्त नावं आली असती तर माझा नंबर लागला नसता गं, अक्का.”

“आणि लाडू?”

“तिथं सगळ्यांना वाटले. छान झाले होते.”

वर डोळे पुसले! केसाने गळा कापायचा आणि रडायचंही यांनीच. तुम्हीच सांगा, असल्या माणसाला काय बोलायचं? दसऱ्यानंतर बाटल्यांची लाइन बंद झाली. आम्ही चौघी घरी बसलो.

मागच्या महिन्यात त्यांची मुलगी दारात आली. अण्णा गेल्याचं सांगायला. डोळे सुजलेले, बापासारखंच नाक. “बाबा तुमचं नाव फार काढायचे. तेराव्याला याल ना, अक्का?”

तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. “येते हं,” म्हटलं.

गेले नाही.