आन्सेल्म लावेर्न आणि कड्याच्या वळणावरची कच

आन्सेल्म लावेर्न हे आमच्या वालमोर गावाचे रस्ता राखणारे कामगार होते. हिवाळ्यात बर्फ हटवणे, वसंतात गटारे मोकळी करणे आणि उन्हाळ्यात डांबर वितळू लागले की त्यावर कच, म्हणजे दगडाची बारीक खडी, पसरणे, ही त्यांची कामे. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी मुलगी क्लोतिल्द हिला एकट्याने वाढवले. कामात त्यांनी हयगय केल्याचे मी कधी पाहिले नाही. त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली, तीही कामाच्या तत्परतेमुळेच.

दरवर्षी जुलैत खिंडी आणि लहान गावे पार करत जाणारी सायकलींची सहल आमच्या बाजूने डोंगर चढत असे. चढणाऱ्या चाकांना कचेचा त्रास होत नाही. उलट चिकट डांबरापासून त्यांची सुटका होते. म्हणून त्या सकाळीही आन्सेल्म यांनी कड्याच्या वळणावर सढळ हाताने कच पसरली आणि ते माझ्या पावाच्या दुकानासमोर येऊन बसले. त्या वर्षी क्लोतिल्दही सहलीत होती.

इतक्यात सहल भरवणाऱ्या सायकल मंडळाचा फिर्मं मोटारसायकलवरून आला आणि चौकात बाणाची पाटी ठोकू लागला.

“अरे फिर्मं, बाण उलटा ठोकतोयस. सकाळीच चढवलीस की काय?” आन्सेल्म यांनी विचारले.

“पाणीसुद्धा पोटात नाही, काका. यंदा वाट फिरवलीय. पलीकडून चढायचं, इकडून उतरायचं. एव्हाना खिंडीत पोचले असतील.” एवढे बोलून तो पुढच्या गावाकडे निघूनही गेला.

आन्सेल्म यांचा चेहरा पांढरा पडला. “मार्सलीन,” ते मला म्हणाले, “वळणावर कच आहे.”

उतारावरून भरधाव आलेले चाक कचेवर वळत नाही, घसरते. त्या वळणावर गुडघाभर उंचीचा कठडा आहे आणि खाली नदी. त्यांनी क्लोतिल्दला फोन लावला. तिने उचलला नाही. आम्ही दोन खराटे घेतले आणि त्यांच्या छोट्या ट्रकमधून वर निघालो.

वळणावर पोचताच ते आतल्या कडेने झाडू लागले. “तू वर जा. एप्रन काढ आणि हलव. थांबव त्यांना.”

मी धावत वर गेले. पहिली टोळी दिसताच मी एप्रन जिवाच्या आकांताने हलवला. परंतु आमच्या भागात सायकलस्वारांचा उत्साह वाढवण्यासाठी बायका असेच एप्रन हलवतात. त्यांनी हसून हात वर केले. एक जण ओरडला, “आभार, मावशी! पाव गरम ठेवा!” आणि सगळ्यांनी वेग वाढवला.

मी मागे वळून पाहिले. कडेची अरुंद पट्टी तेवढी साफ झाली होती. आन्सेल्म यांनी खराटा आडवा धरला आणि ते उरलेल्या कचेच्या मधोमध उभे राहिले. माणसाला चुकवायचे तर स्वारांना साफ पट्टीवरूनच जावे लागणार होते.

“बाजूला हो, म्हाताऱ्या! मरायचंय का?”

एकेक जण शिव्या देत त्यांच्या अगदी जवळून गेला. एकाचे मागचे चाक कचेवर सरकले, घसरत थेट बाहेरच्या कठड्याला घासले आणि सावरले. आन्सेल्म जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या टोळीच्या अग्रभागी क्लोतिल्द होती. रस्त्यात पाऊल टाकले तरी मुलांना रागावणारा आपला बाप रस्त्याच्या मधोमध उभा आहे, हे तिने दुरून पाहिले आणि एक हात उंच केला. “ब्रेक धरा! माझे बाबा उगाच उभे राहायचे नाहीत!” मागची सगळी माणसे मंदावली.

ती उतरली. “बाबा, काय केलंत हे?”

“कच टाकली. तू जा, मागे पडशील.”

“खराटा द्या इकडे.”

ती झाडू लागली. मागून येणाऱ्यांना तिचे सोबती हाताने थांबवत राहिले.

संध्याकाळी चौकातील जेवणाच्या वेळी पहिल्या टोळीतील एक गृहस्थ त्या वेड्या म्हाताऱ्याविषयी तावातावाने सांगत होते. आन्सेल्म टोपी काढून उभे राहिले.

“तो मी. कचही मीच टाकली होती.”

ते गृहस्थ त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, “निदान वर धोक्याची पाटी तरी लावायची.”

“पाटी ट्रकमध्येच होती,” आन्सेल्म म्हणाले. “मला सुचलं नाही.” आणि ते खाली बसले. क्लोतिल्दने त्यांच्यापुढे सूप सरकवले.