पहिल्याच शब्दात हो

मी मासळीच्या धंद्यात आहे. थळच्या बंदरावर लिलावात माल उचलायचा आणि नागावच्या खानावळींना, राहायच्या घरांना पोचवायचा. हे सगळं मी तोंडाच्या जोरावर उभं केलं. वाचायला मला कधी धड आलंच नाही. सातवीत गुरुजींनी मला धडा वाचायला उभं केलं आणि मी दुसऱ्याच ओळीत अडखळले. "बस खाली. डोक्यात कोळंबी भरलीय हिच्या," गुरुजी म्हणाले. सगळा वर्ग हसला. पुढच्या वर्षी मी शाळेत गेलेच नाही. ते गुरुजी आता निवृत्त झालेत, माझ्याकडूनच मासळी नेतात. सगळ्या गिऱ्हाइकांना मी चार कोळंब्या वर घालते, त्यांना एकही नाही.

माझी मुलगी नववीत आहे. बोलायला लागली की वकील, पुस्तक उघडलं की मुकी. पेपरातले अर्धे प्रश्न कोरे सोडून यायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "अक्षरं हलतात." आधी मी तिला झापलं. मग आठवलं, माझीही हलायची. मला ते कुणाला सांगायचं सुचलं नव्हतं, एवढंच.

अलिबागच्या दवाखान्यात तिची तपासणी झाली. मुलगी हुशार आहे, पण छापलेलं वाचताना तिला अडचण येते, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. त्यांनीच मुलीच्या टॅबमध्ये वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा, की टॅब ते पान एका बाईच्या आवाजात मोठ्याने वाचतो. जो शब्द चालू असेल तो पिवळा होतो.

दोन दिवसांत मुलगी कंटाळली. "आई, ही बाई वाचते का झोपते?"

मी बोंबील साफ करता करता ऐकलं. खरंच, एकेक शब्द सुटा, मध्ये जांभई देण्याइतकी जागा. आमच्या लिलावात पुकारणारा असा बोलतो की नवख्याला एक आकडा कळत नाही. त्यावर आमचे कान तयार झालेले, आणि ही पोर लहानपणापासून माझ्या मासळीच्या पाटीला टेकून तिथे बसलेली. मी म्हटलं, "हिला जरा पळव की."

तिने वेग दुप्पट केला. शेजारीण दारात आली. "काय गो, कोन भांडतंय तुमच्यात?" मुलीचे डोळे मात्र पिवळ्या शब्दाच्या मागे धावत होते. इतिहासाचा अख्खा धडा संपला आणि तिने तो मला सांगून दाखवला, शेजारणीलाही थांबवून.

मग सहामाही परीक्षा आली. टॅब परीक्षेत न्यायचा तर मुख्याध्यापिकांची सही हवी. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी मी मुलीला घेऊन शाळेत गेले, कारण आधीचे सगळे दिवस मी मनात भांडण तयार करत होते. हवं तेवढंच मागायचं नसतं, हे मला धंद्याने शिकवलं. म्हणून अर्जात तीन गोष्टी लिहवून घेतल्या: टॅब आणि हेडफोन, जादा वेळ, वेगळी खोली. दोन गोष्टी रडतखडत सोडायच्या आणि टॅब घेऊन उठायचं, असा बेत.

मुख्याध्यापिका माणगावकडच्या, नवीन आलेल्या. मी चढ्या आवाजात सुरुवात केली.

"बसा ना ताई," त्या म्हणाल्या. "तिन्ही चालतील. द्या, सही करते."

मी गारच पडले. पहिल्याच शब्दात कुणी हो म्हणालं, तर माल शिळा असतो. माझं डोकं सणकलं. "असं कसं हो म्हणता? आधी नीट वाचा तरी! आम्हाला काय अडाणी समजलात?"

"ताई, मी हो म्हणतेय."

"तेच तर! नंतर परीक्षेच्या दिवशी नाही म्हणाल!" मी अर्ज उचलला आणि बाहेर पडले.

सौदा असाच करतात. उठून चालू लागायचं, चौथ्या पावलाला समोरचा हाक मारतो. मी चार पावलं चालले, दहा चालले, फाटकापर्यंत आले. हाक नाही. मागून मुलगी धावत आली.

"आई, काय केलंस हे?"

"थांब जरा. बोलावतील."

"कशाला बोलावतील? त्या हो म्हणाल्या. नाही तू म्हणालीस." तिचे डोळे भरले होते. "आज शेवटचा दिवस आहे. मला पेपर वाचायचाय ग."

सोडलेल्या मालाकडे मी जन्मात परत गेले नव्हते. परत गेलं की भाव चढतो. पण गेले. बाई पेन उघडूनच बसल्या होत्या.

"हाक मारणार होते," त्या म्हणाल्या, "पण तुमची भीती वाटली."

त्यांनी सही केली, शिक्का मारला. मला राहवेना. "मॅडम, वेळ देताच आहात, तर आणखी पाव तास घाला की वर."

"नाही हो ताई. नियमात आहे तेवढाच."

एकदाचं नाही ऐकलं आणि माझा जीव थंड झाला. आता सहीवर विश्वास बसला.

पहिल्या पेपरला मी फाटकाशी उभी होते. मुलगी सगळ्यांत शेवटी आली, गळ्यात हेडफोन.

"आई, सगळा पेपर वाचला. दोनदा!"

"मग? सोपा होता?"

"छे! तीन प्रश्न येतच नव्हते." आणि हसायला लागली. कोणते तीन, ते तिने घडाघडा सांगितलं. आजवर काय आलं नाही हेसुद्धा तिला कधी सांगता आलं नव्हतं.

"आणि चौथा प्रश्न त्यांनी चुकीचा विचारलाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"वाचला ना मी!" टॅब काखेत मारून ती उलट फिरली आणि बाईंच्या खोलीकडे निघाली. मी फाटकाशीच थांबले. तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.