बंदुकीसाठी आईची साक्ष

पलटणीत तीन वर्षं सरकारी रायफल खांद्यावर वागवली, आणि घरी आल्यावर तहसिलीतला पेशकार म्हणतो, वडलांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना तुला कसा देऊ, तू तर पोरगं दिसतोस! माझं डोकंच फिरलं. वडील वारल्यावर ती बंदूक हिंगोलीला जमा करावी लागली होती. इकडं कनेरगावच्या बाजूला आमच्या मेंढवाड्यात लांडगे येऊ लागले होते. मेंढरं गेली तर आम्ही मायलेकांनी खायचं काय?

परवान्याला एकवीस पूर्ण लागत. मला एकवीस सरून चार महिने झाले होते, पण त्याचा कागद कुठला आणायचा? पलटणीचा दाखला पुढं केला तर पेशकार हसला. लढाईच्या गडबडीत तिथं मिसरूड न फुटलेली पोरंही अठराची होतात, म्हणाला. आईला घेऊन ये, तिनं शपथेवर सांगितलं तर लिहितो.

दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपली. वाटभर आईकडून घोकून घेतलं, एकवीस सांगायचं, एकवीस. ती व्हय व्हय करून राहिली होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं काही थांबेना. कचेरीला भ्याली असेल, असं मी धरून चाललो.

कचेरीत ही गर्दी. तिची शपथ झाली आणि पेशकारानं मोठ्यानं विचारलं, पोराची उमर किती. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आईनं एकदा त्या लोकांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"एकोणीस," ती म्हणाली.

मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो. खरं सांग म्हणालो, हात जोडले. ती खाली मान घालून उभी. पेशकारानं टाक बुडवला, एकोणीस लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर लिंबाखाली मी तिला नको नको ते बोललो. आमच्याकडं ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं दृष्ट लागू नये म्हणून वय कमी सांगतात, हे मला ठाऊक होतं. पण लढाई करून आलेल्या बाप्याचं? मी विचारलं, काहून केलंस असं?

"तुझ्याआधी चार झाली मला," ती म्हणाली. "कोणी इचारलं की मी कौतुकानं बराबर वय सांगायची. येक बी राहिलं न्हाई. तुझं आजवर कुणा परक्याला सांगितलं न्हाई. त्या एवढ्या डोळ्यांपुढं कसं सांगू?"

"आन् देवाची शपथ?"

"देवाला ठावं हाय तुझं वय."

गाडी जुंपली. गाव आलं तरी माझा राग काही उतरला नव्हता.

पुढं दोन वर्षं काठी आणि कुत्र्यांवर वाडा राखला. लांडग्यांनी न्यायची ती मेंढरं नेलीच. सकाळी वाड्यात रक्त दिसलं की आई धावत यायची. आधी माझ्या अंगावरून, हातापायांवरून हात फिरवून बघायची, आणि मग विचारायची, किती गेली.