गुळवेलीचा काढा आणि भावाचा फेटा

माझ्या बोटांनी संप पुकारला तेव्हा पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं, दुसरबीडला. आमच्या घरातले फेटे मी बांधतो. दुसरं काही धड येत नाही म्हणून हे काम माझ्याकडे, आणि ते करताना मी असा मिरवतो की नवरदेवाला संकोच वाटावा. या वेळी मुलीच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, फेटा बांधायचा होता. आणि इकडे माझ्या शर्टाची बटणं बायको लावून देत होती.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आमवात सांगितला. "काका, तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्या सांध्यांवर उठलीय." तिला आवरायला गोळ्या दिल्या. परत घरी, नांदुऱ्याला उतरेपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच उरलं: प्रतिकारशक्ती. ती वाढवायची असते, हे करोनात शेंबड्या पोरालाही पाठ झालेलं. अंगणात कडूलिंबावर गुळवेल चढलेली होतीच. रोज सकाळी काढा सुरू केला. शेजाऱ्यांनाही पाजला, वर भाषण फुकट.

बोटं आणखी सुजली. पुन्हा अकोला, या वेळी बायकोही सोबत.

"गोळ्या घेताय ना?"

"घेतो की. वरून गुळवेलीचा काढाही!" मी शाबासकीच्या अपेक्षेनं म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, शरीरात काही पेशी भांडण थांबवायलाच असतात. त्यांच्या आतलं एक प्रथिन त्यांना हे काम करायला लावतं. मग त्या आणखी काही प्रथिनं वापरून चवताळलेल्या पेशींना शांत करतात. तुमच्यात तो आवर कमी पडतोय, म्हणून या गोळ्या. आणि गुळवेल लढणाऱ्यांनाच चेतवू शकते."

मला लग्नाचा मांडव दिसला. बर्फाचं पाणी मिळालं नाही म्हणून वरपक्ष रुसतो, आवाज चढतात, तेव्हा एखादा मामा उठून दोघांच्या खांद्यांवर हात ठेवतो, "बसा बे, आपलेच लोक हायेत." ते आतलं प्रथिन म्हणजे मामाला मामा बनवणारी गोष्ट. ती नसेल तर मामाच बाह्या वर करेल. मी हे बाईंना ऐकवलं.

"साधारण तसंच," त्या हसल्या.

"आन् हे मागून 'हाणा, हाणा' म्हननारे," बायको म्हणाली. "खऱ्या लग्नातही हेच करतात, म्याडम."

काढा बंद झाला. शेजाऱ्यांना मात्र मी कारण सांगितलं नाही. गुळवेल संपली म्हणालो, आणि ती कुंपणावरून सगळ्यांना दिसत होती.

गोळ्यांचा गुण सावकाश येतो. लग्नाच्या दिवशी सूज उतरली होती, पण पूर्ण नाही. बाकीच्यांसाठी तयार फेटे आणले. भाऊ तेवढा माझ्यापुढे खुर्ची ओढून बसला. कापडाला पीळ देताना मनगटात कळ गेली आणि अख्खा वेढा सुटून त्याच्या मांडीवर पडला.

"दुखते काय बे?"

"नाही."

"मंग काऊन थांबला? बांध आरामात. वऱ्हाड अजून जेवून राह्यलं."

मी पुन्हा पहिल्यापासून बांधला. पक्का बसला, पण डाव्या कानावर जरा उतरला. विधीच्या वेळी वहिनीनं तो सरळ करायला हात पुढे केला, तर भाऊ मान मागे घेत म्हणाला, "राहू दे वं. त्यानं बांधला हाय."