मिलीसेकंदांचा मामा

माझा मामा जन्मात कधी वेळेवर पोचला नाही. स्वतःच्या लग्नाला तो पाऊण तास उशिरा आला आणि मामी ते अजून ऐकवते. पण याच माणसाचं पोट मात्र सेकंदाचे बारीक बारीक तुकडे शोधण्यावर चालतं. गाणं रेकॉर्ड करताना कॉम्प्युटरमधली वाद्यं आणि माणसाचा आवाज जुळेनासे झाले की लोक त्याला बोलावतात. घरात आम्ही त्याला 'मिलीसेकंद' म्हणतो. तो चिडत नाही. त्याला राग यायलाही उशीर लागत असावा.

एका सकाळी माझ्या गाण्याच्या बाईंचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं आणि नंतर आवाज असाच राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणून त्यांनी स्वतः बांधलेलं एक गाणं मुलगा घरीच रेकॉर्ड करत होता.

"दोन दिवस झाले, जमत नाही. माझी लय गेली गं," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

माझ्यासारख्या बेताल मुलींना या बाईंनी टेबलावर पट्टी आपटून तालात आणलं होतं. मी मामाला अक्षरशः ओढत त्यांच्या घरी नेलं.

झोपायची खोली. कपाटाच्या दारांवर ब्लँकेटं टांगलेली, खाटेवर वायरींचा गुंता.

"आई मागे पडते," मुलगा म्हणाला. "आधी उचल म्हटलं तर पुढे धावते. तीस टेक झाले."

बाई खाली बघत होत्या.

मामाने आधी पाणी मागितलं, सावकाश प्यायला. मग बाईंच्या हातात पेन्सिल दिली. "हेडफोनमध्ये टिकटिक ऐका आणि तिच्याबरोबर टेबलावर वाजवा. गायचं नाही."

बाईंनी सोळा ठोके वाजवले. पडद्यावर सोळाही उशिरा उमटले, अगदी एकसारखे उशिरा.

"माणूस चुकला तर कधी कमी चुकतो, कधी जास्त," मामा म्हणाला. "इतकं नेमाने चुकायला मशीनच लागतं."

मग त्याने समजावलं. गाण्याच्या साथीला मुलाने कॉम्प्युटरवर लावलेला पियानो म्हणजे मिडी, कोणती पट्टी कधी दाबायची याची नुसती यादी. ती जागच्या जागी वाजते. माइकचा आवाज मात्र कॉम्प्युटरमध्ये शिरून नोंदला जाईपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढा वेळ सॉफ्टवेअरने वजा करायचा असतो, आणि इथे वजाबाकीच्या रकान्यात शून्य होतं. मामाने एक वायर लावून टिकटिकच बाहेर काढली आणि परत आत घेतली. मध्ये माणूस कोणीच नाही, तरी साठ मिलीसेकंद उशीर. त्याने रकान्यात साठ भरले.

बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. तीस टेकांनी गळा पार बसला होता. त्या खाटेवर बसल्या आणि मुलाचा चेहरा उतरला.

"पहिला टेक कुठे आहे?" मामाने विचारलं. "यांना काही सांगायच्या आधीचा."

"तो उडवला."

"गाण्यातून उडवलास. फोल्डरमधून?"

फोल्डरमध्ये तो तसाच पडून होता. मामाने तो गाण्यात ठेवला, साठ मिलीसेकंद आधी सरकवला आणि लावला. दोन दिवसांपूर्वीचा बाईंचा भरदार आवाज पियानोवर अलगद येऊन बसला. कुठेही मागे नाही, कुठेही पुढे नाही. त्या क्षणी मामाची सगळी उशिराची पापं मी माफ केली.

बाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "गाताना मला हे बरोबरच वाटत होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?" मुलाने विचारलं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझं गाणं ऐकत बसला होतास. म्हटलं, चूक माझीच असू दे."