शिवीचा अर्थ कुणी सांगेना

"शिवीचा मराठी अर्थ सांगा, मॅडम. त्याशिवाय मी निर्णय कसा घेऊ?" प्राचार्य म्हणाले.

मी आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल, म्हणजे वॉर्डन. आमच्या मनीषानं कॉलेजच्या कँटीनमध्ये वर्गातल्या एका मुलीला भिल्ली बोलीत शिवी दिली होती. त्या मुलीच्या वडलांची एकच मागणी. हिला सस्पेंड करा. परीक्षा तोंडावर आलेली.

"आधी त्यांची मुलगी काय बोलली ते विचारा," मी म्हणाले.

मुलगी समोरच होती. तिनं सरळ सांगितलं, "मी फक्त म्हटलं, भिल्लासारखी काय जेवतेस."

"ही काय शिवी झाली? बोलायची पद्धत आहे," वडील म्हणाले.

माझं डोकं तापलं. "सर, मनीषा भिल्लच आहे."

"तेच तर म्हणतो," प्राचार्य म्हणाले. "मग तिला राग कशाचा?"

मी मनीषाकडं वळले. "सांग बाई एकदाचा अर्थ."

"मला नाय माहीत."

"माहीत नसताना दिलीस?"

"आजी शेळ्यांना देती. घरी आम्ही मराठीच बोलतो. भिल्लीतलं मला तेवढंच येतं." मग मान खाली घालून म्हणाली, "तिनं भिल्ल म्हटलं, तर भिल्लीतच बोलावं वाटलं."

आजी सोयगावकडं वस्तीवर राहते. फोन लावून स्पीकरवर टाकला. अर्थ विचारला.

"तिथं गडीमाणसं हायेत का?" आजीनं विचारलं.

"आहेत."

"मंग नाय सांगायची." फोन बंद.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हणाले, "हिच्या शिवीचा अर्थ कुणालाच कळला नाही. तिच्या बोलण्याचा सगळ्यांना कळला. सस्पेंड करायचं तर दोघींना करा. नाहीतर जात काढल्याची तक्रार मी वर नेते."

बरीच वादावादी झाली. शेवटी दोघींना समज देऊन प्रकरण मिटवलं. "आम्ही काय वाईट बोललो?" असं पुटपुटत वडील गेले. मनीषा परीक्षेला बसली.

आता रोज संध्याकाळी आमच्या पोरी आजीला फोन लावून भिल्ली शिकतात. सगळ्या शिव्याच. मी वैतागून म्हटलं, "अगं, पाणी, भाकरी, असलं काही शिका."

"ते बी शिकू, मॅडम. आधी लागंल ते."