रिकाम्या झोळीचा काटा

माझी मावशी पंचफुला लठ्ठ होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण वडनेरकडच्या आमच्या गावात तिच्याबद्दलचं कोणतंही बोलणं इथूनच सुरू व्हायचं. लग्नाला बैलगाडी निघाली, की ती कुठे बसणार हे सगळ्यांसमोर ठरायचं. मागे बसली तर जू वर उचललं जाईल आणि बैलांचे गळे आवळतील, म्हणून गाडीवान तिला पुढे सरकवायचा. मग पुढे फार भार झाला म्हणून मागे. ती दोन्ही वेळा सरकायची आणि शेवटी म्हणायची, "आता तूच माह्या मांडीवर बस, म्हंजे गाडी बरोबर होते." गाडीभर बाया हसायच्या, तीही हसायची.

श्रावण मावसा पुलगावच्या गिरणीत होते आणि सुटीला घरी यायचे. ते काडीसारखे. लोक या जोडीवरही बोलायचे. त्यावर मावशीचं म्हणणं एवढंच, की दोघं एकाच गंजातलं, एकाच भांड्यात शिजलेलं खातो, एकाच्या अंगाला लागतं, दुसऱ्याच्या लागत नाही, त्याला स्वयंपाकीण काय करणार?

१९८३ साली गावात अंगणवाडी आली. मावशी सातवी पास होती, तिला सेविका नेमलं. हे काम तिला फार आवडलं. इथे कुठे बस, किती सरक हे कोणी सांगत नव्हतं. उलट तिची मांडी मोठी म्हणून एका वेळी तीन पोरं तिच्यावर बसायची. रोज पोरांना सरकारकडून आलेली सुकडी खायला वाटायची आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची वजनं करायची. गोल तबकडीचा काटा आढ्याला टांगलेला असे. पोराला आधी कापडी झोळीत बसवायचं, मग झोळी उचलून आकड्याला अडकवायची आणि काटा वाचायचा.

काट्यासोबत आलेली झोळी जाड ताडपत्रीची होती. ती मांड्यांना काचायची, पोरं रडून आकांत करायची. आमच्याकडे तान्ह्या लेकराला कोऱ्या, कडक कापडात ठेवत नाहीत. घरातलं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं काढतात. मावशीनं तेच केलं. आपलं एक जुनं लुगडं फाडलं आणि दुहेरी टाके घालून त्याची नवी झोळी शिवली. पोरं रडायची थांबली.

पण त्या महिन्यात एकतीस पोरांपैकी सव्वीस पोरांची वजनं घटलेली निघाली. शेजारच्या तानाबाईचा नातूही त्यात होता. तानाबाईनं हापशीवर बायांसमोर हिशेब मांडला, "पोरं वाळून राह्यले अन् बाई फुगून राह्यली. सुकडी कोठी जाते, हे का सांगा लागते?"

मावशीच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. बाया फक्त वाटपाच्या वेळी येऊन दारात उभ्या राहू लागल्या आणि तिच्या हाताकडे पाहू लागल्या. गाडीतल्या हसण्यासारखं हे नव्हतं. तिनं दुपारचा डबा न्यायचं सोडलं, रात्रीही अर्ध्या भाकरीवर उठू लागली. आठ दिवस असे गेले आणि पोलक्याची शिवणही सैल झाली नाही. सोमवारी तपासणीला मुख्य सेविका शकुंतलाबाई यायच्या होत्या. तानाबाई त्यांच्याकडे तक्रार करणार, हे गावभर झालं होतं.

श्रावण मावसा सुटीला आले तेव्हा म्हणाले, नोकरी सोडून दे, आपलं काही अडत नाही.

"सोडली तं खाल्लं असंच होईन," मावशी म्हणाली. "मंग जल्मभर माह्या अंगाकडं पाहून लोक तेच वाचतीन."

रविवारी तिनं झोळी धुतली. वाळल्यावर उंदरांनी कुरतडू नये म्हणून काट्याच्या आकड्यालाच अडकवली आणि जायला निघाली. जाता जाता वर पाहिलं, तर काटा शून्याच्या तीन घरं मागे होता. तिनं पेटीतून ताडपत्रीची झोळी काढून लावली. काटा बरोबर शून्यावर आला; तो याच झोळीच्या वजनाला लावलेला होता. लुगड्याची झोळी तीनशे ग्रॅम हलकी होती, म्हणून पोरांची वजनं तेवढी कमी दिसत होती. पोर आधी बसवायचं आणि मग टांगायचं, या पद्धतीत नवी झोळी रिकामी लटकलेली कोणी पाहिलीच नव्हती. मापन यंत्राच्या या दोषावर आम्हाला तंत्रनिकेतनात अख्खा तास होता. मावशीला ते एका नजरेत दिसलं.

काट्यामागचा स्क्रू फिरवून ती गप्प बसू शकली असती. तिनं तसं केलं नाही. सोमवारी शकुंतलाबाईंसमोर सगळ्या आयांना बोलावलं आणि तानाबाईला पुढे उभं केलं. आधी लुगड्याची झोळी रिकामीच टांगून मागे गेलेला काटा दाखवला. मग नातवाला तानाबाईच्याच हातानं झोळीत बसवायला लावलं. सात किलो दोनशे. पोर काढून स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला आणि पोर पुन्हा बसवलं. साडेसात. मागच्या महिन्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्तच. शकुंतलाबाईंनी एकतीसही पोरं पुन्हा तोलून घेतली. त्यात तीन पोरांचीच वजनं घटलेली निघाली, आणि ती तिन्ही गोवरातून उठलेली होती.

तानाबाईनं नातवाला कडेवर घेतलं. मग मावशीकडे पाहून म्हणाली, "पण तू तं तेवढीच हाय वो."

"मी तेवढीच राहीन, तानाबाई. माह्यं सोड. पोराले झोळीत बसवाच्या आंधी काटा पाहत जाय."

तेव्हापासून गावात तशी रीतच पडली. आया पोराला कडेवर घेऊन आधी रिकामी झोळी टांगायला लावतात, काटा शून्यावर दिसला की मगच पोर हातातून सोडतात. झोळी लुगड्याचीच राहिली. गाडीत मावशीला अजूनही पुढे-मागे सरकवतात.

त्या सोमवारी पोरं घरी गेल्यावर ती अंगणवाडीच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसली आणि डबा उघडला. येणारे-जाणारे पाहत होते. दोन भाकरी आणि झुणका तिनं सावकाश खाल्ला. तानाबाई घरी जाऊन अंबाडीच्या भाजीची वाटी आणि आणखी एक भाकर घेऊन आली आणि तिच्यासमोर ठेवली. मावशीनं तीही खाल्ली.